घाट नसलेली चढण

परभणीला बाहेरचा माणूस बहुतेक वेळा रेल्वेने येतो आणि जिल्हा सपाट आहे, अशी खूणगाठ बांधून परत जातो. त्याने पाहिलं ते खरंच असतं, पण तो रेल्वेने निवडलेला परभणी जिल्हा असतो. १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यात मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग टाकला गेला, तेव्हा वाफेच्या इंजिनाला कमीत कमी चढ लागावा म्हणून गोदावरीच्या खोऱ्याला धरून जाणारी पट्टी निवडली गेली. सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा ही स्टेशनं त्याच पट्टीवर आहेत. डब्याच्या खिडकीतून दोन्ही बाजूंना तूर, कापूस, सोयाबीन दिसत राहतं आणि डोंगराचं नाव नसतं.

हाच माणूस सायकल घेऊन जिंतूरच्या रस्त्याला लागला, तर झरी येईपर्यंत त्याच्या मांड्यांना निराळीच माहिती मिळते. रस्ता बराचसा सरळ आहे, घाट तर नाहीच. तरीही तो सारखा खाली जातो आणि वर येतो. एकेक चढ इतका लहान की मोटारसायकलवाल्याच्या तो लक्षातही येत नाही. बोरी गाठेपर्यंत त्या सगळ्या लहान चढांची बेरीज पायांत उतरलेली असते.

अशा जमिनीवर लांब पल्ल्याची सायकल चालवणं ही घाट चढण्याहून वेगळी विद्या आहे. घाटाचा सायकलस्वार एकदा दात-ओठ खाऊन माथा गाठतो आणि मग त्याला मोठा उतार मिळतो. लाटांच्या जमिनीवर माथाही लहान, उतारही लहान आणि विसावा तर कुठेच नाही. महाराष्ट्रात सायकलिंग म्हटलं की बोरघाट, आंबेनळी, वरंध ही नावं निघतात; मुंबई-पुणे शर्यतीत घाटाचा राजा कोण, याची चर्चा होते. मराठवाड्याच्या या लाटांकडे मात्र कोणी सायकलची जमीन म्हणून पाहत नाही. तसं पाहायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आधी या लाटा आल्या कुठून ते बघू. परभणी जिल्ह्याच्या उत्तरेला जिंतूरच्या बाजूने अजिंठ्याच्या रांगेचे फाटे येतात, दक्षिणेला गंगाखेडच्या पलीकडे बालाघाटचे डोंगर उभे राहतात. मधल्या भागातून तीन मोठ्या नद्या वाहतात: पूर्णा, दुधना आणि गोदावरी. गोदावरीला इथे कोणी गोदावरी म्हणत नाही, ती गंगा. तिघींचा ओढा पूर्वेकडे आणि आग्नेयेकडे. दुधना पूर्णेला मिळते आणि पूर्णा पुढे गोदावरीला. त्यामुळे जो रस्ता नद्यांच्या सोबतीने पूर्व-पश्चिम जातो तो बराचसा सपाट असतो. पाथरी-मानवत-परभणी हा महामार्ग त्यातला. जो रस्ता उत्तर-दक्षिण जातो, त्याला प्रत्येक नदी, तिला मिळणारा प्रत्येक ओढा आणि दोन ओढ्यांमधलं प्रत्येक टेकाड आडवं येतं. परभणी-जिंतूर आणि परभणी-गंगाखेड हे रस्ते असे आहेत. सायकलस्वाराने नकाशा उघडला की गावांची नावं वाचण्याआधी नद्यांच्या निळ्या रेघा बघाव्यात. रस्ता त्या रेघांना समांतर आहे की आडवा, यावरून दिवस कसा जाणार याचा अर्धा अंदाज येतो.

जमिनीचा पाया लाव्हाचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थर एकावर एक पसरले आणि थिजले. त्यातले काही थर कठीण, काही ठिसूळ आणि सच्छिद्र. पावसाने आणि नद्यांनी ठिसूळ भाग आधी कोरला, कठीण भाग माथे होऊन राहिला. माथ्यावरची माती वाहून लवणात जमली. म्हणून आजही माथ्यावर मुरमाड बरड जमीन आढळते आणि लवणात पुरुषभर खोल काळी. याचा सायकलस्वाराला थेट उपयोग आहे. पिकाकडे पाहून पुढचा रस्ता वाचता येतो. पऱ्हाटी कंबरेच्या वर गेलेली, शेजारी ऊस, म्हणजे आपण खोलगट भागात आहोत आणि आता चढ येणार. पीक विरळ झालं, दगड दिसू लागले, बांधावर बाभळीऐवजी बोरीची झुडपं आली, म्हणजे माथा जवळ आला. गिअर कधी बदलायचा हे शेतातून कळतं.

लाटांच्या जमिनीवरची जगातली सर्वांत नावाजलेली सायकलफेरी फ्रान्समध्ये होते. पॅरिसजवळून निघायचं, पश्चिमेला अटलांटिकच्या काठावरच्या ब्रेस्ट बंदरापर्यंत जायचं आणि परत यायचं. अंतर सुमारे १,२०० किलोमीटर. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस हे तिचं नाव. १८९१ साली ‘ल पती जुर्नाल’ या वृत्तपत्राच्या प्येर जिफार या संपादकाने ती प्रथम भरवली. तेव्हा ती शर्यत होती. शार्ल तेराँ याने ती ७१ तास २२ मिनिटांत जिंकली. हवेचा टायर निघून जेमतेम तीन वर्षं झाली होती. तेराँच्या सायकलला मिशलँ कंपनीचे, चटकन काढता-घालता येणारे नवे टायर होते. पंक्चर काढायला लागणारा वेळ वाचतो हे त्या एका फेरीने सगळ्या युरोपला दाखवून दिलं. पुढे व्यावसायिक शर्यत बंद पडली. शेवटची १९५१ साली झाली. पण हौशी सायकलस्वारांसाठी ओडाक्स क्लब पारिझियाँ या संस्थेने १९३१ पासून जी फेरी सुरू ठेवली होती, ती टिकली. आता ती दर चार वर्षांनी होते. बहुतेक जण ९० तासांची मुदत घेतात. पहिला-दुसरा असे क्रमांक नसतात. मुदतीत परत आलात की झालं. या फेरीच्या सन्मानार्थ चाकाच्या आकाराचा एक केकही फ्रान्समध्ये निघाला. पॅरिस-ब्रेस्ट याच नावाने तो आजही तिथल्या मिठाईच्या दुकानांत मिळतो.

आता उंचीकडे बघा. या रस्त्यावर आल्प्स नाही, पिरनीज नाही. नॉर्मंडी आणि ब्रिटनीची कुरणं, सफरचंदाच्या बागा, दगडी चर्चची लहान गावं. ब्रेस्टच्या अलीकडे रॉक त्रेव्हेझेल नावाचा सुळका लागतो. तो या वाटेवरचा सर्वांत उंच भाग, आणि त्याची उंची आहे ३८४ मीटर. परभणी शहर समुद्रसपाटीपासून साधारण तेवढ्याच उंचीवर, चारशे मीटरच्या आसपास आहे. म्हणजे सगळी फेरी परभणीच्या गावठाणापेक्षा वर चढतच नाही, असं म्हणायला हरकत नाही. तरी १,२०० किलोमीटरमधले सगळे लहान चढ एकापुढे एक मांडले तर बेरीज अकरा-बारा हजार मीटर भरते. एव्हरेस्ट ८,८४९ मीटर आहे. एकाही डोंगराला हात न लावता माणूस समुद्रापासून एव्हरेस्टच्या माथ्यापर्यंत आणि वर आणखी दोन-तीन हजार मीटर चढून येतो. सरासरी काढली तर दर किलोमीटरला दहा मीटर. कोणताही रस्ता किती कठीण आहे हे विचारताना सर्वांत उंच ठिकाण किती उंच आहे असं विचारू नये, दर किलोमीटरला किती मीटर चढ आहे असं विचारावं.

ब्रिटनीच्या लाटा परभणीपेक्षा फार जुन्या आहेत. तिथे सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी खरोखरीचे पर्वत होते. ते झिजून झिजून त्यांची बुडं तेवढी राहिली. इकडे लाव्हाचं पठार नद्यांनी कोरलं. कूळ वेगळं, पण सायकलच्या चाकाखाली येणारं रूप सारखंच.

पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसला जायचं तर आधी आपल्या देशात पात्र व्हावं लागतं. त्यासाठी २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या फेऱ्या असतात. त्यांना ब्रेव्हे म्हणतात, आपल्याकडचे सायकलस्वार बीआरएम म्हणतात. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. एका हंगामात चारही पूर्ण करणाऱ्याला सुपर रँडोनर ही पदवी मिळते. भारतात हे काम ऑडॅक्स इंडिया रँडोनर्स ही संस्था बघते आणि तिची धुरा पुण्याच्या दिव्या ताटे यांनी वाहिली आहे. २०१९ च्या फेरीला भारतातून तीनशेहून अधिक सायकलस्वार गेले. त्यांत पुणे, मुंबई, नाशिक, नागपूरचे मराठी लोक मोठ्या संख्येने होते. महाराष्ट्राचं या खेळातलं नाव त्याआधीच झालं होतं. नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी २०१५ साली ‘रेस अ‍क्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघाने पूर्ण केली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये तीच शर्यत एकट्याने पार केली.

फ्रान्सला गेलेल्या आपल्या लोकांना तिथल्या लाटांनी आणि रात्रीच्या थंडीने दमवलं. फेरी ऑगस्टमध्ये होत असली तरी पहाटे तिथे पारा दहा अंशांच्या खाली येतो. आपले सराव बहुधा दोन टोकांचे असतात: महामार्गाचा सपाट चौपदरी रस्ता, नाहीतर घाट. मधली जमीन सरावात येतच नाही.

लाटा का दमवतात, याचं उत्तर गणितात आहे. स्वार आणि सायकल मिळून वजन ८० किलो धरू. बऱ्या डांबरी रस्त्यावर, वारा नसताना, ताशी २५ किलोमीटरने जाताना हवेचा विरोध सुमारे ११ न्यूटन असतो आणि टायर व रस्त्याचा ४ न्यूटन. एकूण १५. आता रस्ता शंभर मीटरला तीन मीटर चढू लागला. हा चढ डोळ्यांना धड दिसतही नाही, पण गुरुत्वाकर्षण एकटंच साडेतेवीस न्यूटनने मागे ओढू लागतं. वेग तोच ठेवायचा तर अडीचपट ताकद लावावी लागते. बहुतेक जण नकळत हेच करतात. सपाटीवरचा वेग चढावरही टिकवायला जातात, कारण चढ दिसत नाही. एखाद्या चढाला हे खपतं. साठाव्या चढाला पाय बोलू लागतात.

दुसरी गोष्ट सरासरीची. दहा किलोमीटर चढ ताशी १५ ने आणि दहा किलोमीटर उतार ताशी ३५ ने पार केला, तर सरासरी किती? पटकन २५ असं तोंडात येतं. पण चढाला ४० मिनिटं लागली आणि उताराला १७. वीस किलोमीटरला ५७ मिनिटं, म्हणजे ताशी २१. चढावर गमावलेला वेळ उतारावर भरून निघत नाही, कारण चढावर आपण जास्त वेळ असतो. उतारावर जीव खाऊन पायडल मारण्यातही अर्थ नाही. तिथे वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि मारलेली बरीच ताकद वाऱ्यातच जाते. जुने लांब पल्ल्याचे लोक म्हणून उतारावर पाय सैल सोडतात, पाणी पितात, काहीतरी तोंडात टाकतात.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते, कारण ती थेट परभणीच्या भूगोलाशी जुळते. उताराच्या तळाशी सायकलचा वेग ताशी ३५ असेल आणि समोर लगेच चढ असेल, तर आलेल्या वेगाच्या जोरावर सायकल काही उंची फुकट चढते. वेग ३५ वरून १५ वर येईपर्यंत हा लाभ होतो सुमारे चार मीटर. हवेने आणि रस्त्याने थोडं खाल्लं तरी तीन मीटर पदरात पडतात. आता ओढ्याचं लवण साधारण एवढंच खोल असतं. म्हणजे ओढा हा नीट पार केला तर जवळजवळ फुकट आहे. नदीचं खोरं तसं नाही. दुधनेच्या किंवा गंगेच्या खोऱ्यात उतरून पलीकडच्या माथ्यावर जायचं तर चार मीटरची पुंजी पहिल्याच शंभर-दीडशे मीटरमध्ये संपते. पुढचं सगळं पायांनी. ओढा वेगाने काढायचा, नदी गिअरने काढायची. परभणीच्या रस्त्यावर हा फरक ज्याला कळला, त्याला ब्रिटनीत फारसं नवं काही शिकावं लागणार नाही.

यात दोन अडचणी आहेत आणि दोन्ही खास आपल्याकडच्या. ओढ्याच्या तळाशी नेमका नळकांडी पूल असतो, आणि पुलाची आणि डांबराची जिथे गाठ पडते तिथे खड्डा. ज्या जागी वेग राखायचा तिथेच ब्रेक लावावा लागतो. दुसरी अडचण गावांची. आपली जुनी गावठाणं पुरापासून दूर म्हणून उंचवट्यावर वसली. त्यामुळे ओढा ओलांडून चढ लागला की माथ्यावर गाव, गावाच्या तोंडाशी गतिरोधक, फाट्यावर काळी-पिवळी जीप उभी, चहाच्या टपरीसमोर माणसं. चढून आलेला दम तिथे थांबवून पुन्हा शून्यातून सुरुवात करायची. म्हणून अशा रस्त्यावर सरासरीचा अंदाज बांधताना सपाटीच्या अंदाजातून ताशी तीन-चार किलोमीटर खुशाल वजा करावेत.

गिअरचं महत्त्व इथे कळतं. ॲटलास, हिरो, हर्क्युलिसच्या काळ्या सायकलींनी परभणीच्या दोन-तीन पिढ्या वाहिल्या. दांडीखालून पाय घालून कैची मारत शिकलेली पोरं पुढे त्याच सायकलवर दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवून गावात येऊ लागली. त्या सायकलला गिअर एकच. पायडलच्या एका फेरीत ती पाच-साडेपाच मीटर पुढे जाते. चढावर वेग ताशी १० वर आला की मिनिटाला तीसच फेऱ्या बसतात आणि सगळा भार गुडघ्यावर येतो. म्हणून दूधवाले चढाला उतरून सायकल ढकलत, आणि ते शहाणपणाचंच होतं. गिअरच्या सायकलवर सर्वांत हलका गिअर एका फेरीला दोन मीटरच्या आसपास नेतो. त्याच चढावर मिनिटाला ऐंशी फेऱ्या मारत, गुडघे न दुखवता वर जाता येतं. फ्रान्समध्ये सँतेत्येन गावच्या पॉल द व्हिव्ही याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून गिअर बदलणाऱ्या सायकलींचा आग्रह धरला, तरी ‘टूर द फ्रान्स’च्या आयोजकांनी चेन सरकवणारं गिअरयंत्र १९३७ पर्यंत शर्यतीत येऊ दिलं नाही. गिअर म्हणजे कमकुवतपणा ही समजूत अजूनही पुष्कळांच्या मनात आहे. विकत घेताना तरुण मुलं मोठी चेनरिंग बघून भुलतात. परभणीसाठी मागचं सर्वांत मोठं चक्र किती दात्यांचं आहे ते आधी बघावं. बत्तीस-चौतीस दात्यांचं असेल तर उत्तम.

आता रस्त्याच्या पोटातल्या मातीकडे. काळ्या मातीतल्या चिकणखनिजांचा स्वभाव असा की पाणी लागलं की ती फुगतात आणि सुकली की आकसतात. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. हीच माती डांबराखाली असते. पावसाळ्यात कडेने पाणी मुरतं, कडा फुगतात, मधला भाग कोरडा राहतो. उन्हाळ्यात उलटा खेळ. दोन-चार वर्षांत चांगला रस्ताही उंच-सखल होतो आणि लांबट भेगा पडतात. म्हणून मातीवर मुरमाचा जाड थर, चुन्याची प्रक्रिया किंवा काँक्रीट हे उपाय करतात. सायकलस्वाराच्या हातात टायर आहे. खडबडीत रस्त्यावर अरुंद, दगडासारखा कडक फुगवलेला टायर उडत राहतो आणि प्रत्येक उडीत ताकद जाते. ३२ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायर थोडी कमी हवा भरून वापरला तर तो मागे पडत नाही आणि पाठ-मनगटं वाचतात.

आणि सराटे. शेताच्या कडेने, साइडपट्टीवर पसरणारी ही पिवळ्या फुलांची वेल दिसायला गरीब, पण तिच्या फळाचा एक काटा नेहमी वर असतो. पावसाळा संपला की फळं वाळतात आणि टायरमध्ये घुसतात. भूमध्य समुद्राकडच्या प्रदेशातून अमेरिकेत गेलेल्या या तणाचा तिथले सायकलस्वारही धसका घेतात. बाभळीचा काटा त्याहून लांब, पण तो निदान दिसतो. ट्रक मागून आला म्हणून साइडपट्टीवर उतरलात तर परत रस्त्यावर येताना टायरवरून हात फिरवून घ्यावा. काटा लगेच निघाला तर ट्यूबपर्यंत जात नाही. साइडपट्टीचा प्रश्न काट्यापुरता नाही. डांबराची कड आणि बाजूची माती यांत वीतभर फरक असेल तर उतरणारी सायकल पडते. नव्या रुंद रस्त्यांवर गाड्यांचा वेग वाढला, पण सायकलला उतरायला जागा कुठे, हे कोणी पाहिलेलं दिसत नाही.

ते पाहायला हवं, कारण या रस्त्यांवर रोज सायकल चालवणारे बीआरएमवाले नाहीत. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. २०११-१२ पासून हा कार्यक्रम राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत विस्तारला. सकाळी दहाच्या सुमारास जिंतूर किंवा पालमच्या आसपास कोणत्याही फाट्यावर उभे राहा. निळ्या-पांढऱ्या गणवेशातल्या मुली दोन-दोन, तीन-तीनच्या ओळीत येतात. कॅरिअरवर मैत्रीण, हँडलला डबा. चढाला कॅरिअरवरची उतरते, माथ्यावर पुन्हा बसते. या जमिनीच्या लाटा त्यांच्याइतक्या कोणाला पाठ नसतील. साइडपट्टी नीट करायची ती आधी त्यांच्यासाठी.

चालणाऱ्यांनाही हा रस्ता पाठ आहे. शेगावहून पंढरपूरला जाणारी गजानन महाराजांची पालखी परभणी, दैठणा, गंगाखेड, परळी या वाटेने जाते, आणि गावोगाव लोक पिठलं-भाकरी, चहा, पाणी घेऊन रस्त्यावर उभे असतात. पॅरिस-ब्रेस्टच्या वाटेवर फ्रान्सची गावंही तेच करतात. रात्री दोन वाजता एखाद्या खेड्यात घरासमोर टेबल मांडून म्हातारी कॉफी देत असते. ला तानिएर गावातलं एक घर तर गरम धिरडी खाऊ घालून पैसे घेत नाही, घरी गेल्यावर एक पोस्टकार्ड पाठवा एवढंच सांगतं. नाशिकच्या सायकलस्वारांनी पंढरपूरची सायकलवारी सुरू केली, तिच्याही वाटेवर गावांनी असंच केलं.

परभणीत एका दिवसात हा सगळा भूगोल पायांखालून घालायचा असेल, तर माझ्या मते एकच आखणी आहे: पूर्णेपासून गंगेपर्यंत. पहाटे परभणीहून जिंतूरच्या रस्त्याला लागायचं. दुधनेचं खोरं, मग झरी, मग बोरीजवळची करपरा नदी. जिंतूर साधारण चव्वेचाळीस किलोमीटर. नेमगिरीच्या टेकड्या दिसू लागल्या की काळी जमीन मागे पडली असं समजावं; तिथली जैन लेणी गावापासून जवळच आहेत, पण ती दुसऱ्या दिवसासाठी ठेवावीत, नाहीतर वेळेचं गणित बिघडतं. जिंतूरपासून पूर्णेवरचं येलदरी धरण पंधरा-सोळा किलोमीटर. हा या फेरीतला सर्वांत डोंगराळ तुकडा, आणि उन्हं वर यायच्या आत तो उरकलेला बरा. तिथून उलटं फिरून परभणी. मग दक्षिणेला पोखर्णीच्या नृसिंहाच्या वाटेने, दैठण्यावरून, गंगेचा पूल ओलांडून जनाबाईंच्या गंगाखेडला, चाळीस किलोमीटर. आणि परत. सगळं मिळून अंतर दोनशेच्या घरात जातं, म्हणजे एका बीआरएमएवढं.

वेळ नोव्हेंबरचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य. मे महिन्यात इथे पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो. तेव्हा दुपारी सायकल नको. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीच्या लाटेत पहाट पाच अंशांच्या आसपास उतरते, तेव्हा हातमोजे हवेत. जून ते ऑगस्ट पश्चिमेचा वारा असा असतो की पाथरीकडे जाणं ही शिक्षा वाटते. ताशी १० किलोमीटरचा समोरचा वारा ताशी २५ ने जाणाऱ्याचा हवेचा विरोध जवळजवळ दुप्पट करतो. खाण्याचा हिशेब साधा आहे: या वेगाने शरीर ताशी सुमारे चारशे किलोकॅलरी जाळतं, म्हणजे मध्यम आकाराच्या दोन ज्वारीच्या भाकऱ्या. तेवढं दर तासाला पचत नाही, पण भूक लागायची वाट न पाहता दर पाऊण तासाने काहीतरी खात राहावं. केळी, शेंगदाण्याचा लाडू, दशमी. पाण्यात मीठ-साखर.

पहाटे साडेपाचला निघालात तर साडेतेरा तासांची मुदत संध्याकाळी सातला संपते. नोव्हेंबरच्या अखेरीला सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे शेवटचा तास-सव्वा तास अंधारात, आणि तोही गंगाखेड-परभणी रस्त्यावर. गाळपाचा हंगाम असल्याने उसाच्या ट्रॉल्या चालू असतात आणि त्यांतल्या पुष्कळांना मागे दिवा नसतो. तुम्हाला मात्र हवा: मागे लाल, पुढे पांढरा, अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट. बीआरएमच्या नियमातही ते सक्तीचं आहे. गंगाखेडहून दुपारी पावणेचारच्या आत पूल ओलांडून परत फिरलात, तर लाटा धरूनही घरी वेळेत पोहोचता येतं.